हजारावी पौर्णिमा आणि आजोबांचा गड

प्रश्न : आमच्या आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५ अशी आहे. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन यंदा करायचं ठरलं, पण ते कधी करायचं यावर घरात एकमत नाही. काका म्हणतात, ऐंशी पूर्ण झाली तेव्हाच करायला हवं होतं. गुरुजी ऐंशी वर्षं आठ महिने सांगतात. माझ्या भावानं हजाराला बारानं भागलं आणि त्र्याऐंशी वर्षं चार महिने असं उत्तर काढलं. त्यात आणखी एक गोष्ट आहे. दरवर्षी होळी ते हनुमान जयंतीच्या दरम्यान आम्ही सगळे मिळून एखादा गड चढतो. यंदा दोन्ही एकत्रच, चैत्री पौर्णिमेला रायगडावर करावं आणि वरच ८१ दिव्यांनी ओवाळून घ्यावं, अशी आजोबांची इच्छा आहे. गेल्या वर्षी चढताना ते आमच्या पुढे होते, पण उतरून घरी आल्यावर दोन दिवस त्यांना जिना उतरता येत नव्हता. चढणं सोपं आणि उतरणं अवघड, हे असं उलटं कसं? आणि यंदा त्यांना न्यावं की नाही?
— एक नात, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात हिशेब दोन आहेत, एक चंद्राचा आणि एक गुडघ्यांचा. चंद्राचा आधी घेऊ, कारण तो कागदावर सुटतो.

एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात. आपलं ऋतूंचं वर्ष मात्र तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं, म्हणजे अकरा दिवसांनी मोठं. या अकरा दिवसांमुळे वर्षात बाराऐवजी सरासरी १२.३७ पौर्णिमा येतात. तुमच्या भावाचा भागाकार बरोबर आहे, फक्त त्यानं बारानंतरचा हा अपूर्णांक सोडून दिला. एका वर्षात तो क्षुल्लक वाटतो, पण ऐंशी वर्षांत त्याच्या साडेएकोणतीस पौर्णिमा होतात. पंचांगातला अधिक महिना याच साठलेल्या दिवसांचा असतो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने येतात.

आता बेरीज करू. ऐंशी वर्षांच्या ९६० पौर्णिमा, त्यात अधिक महिन्यांच्या एकोणतीस किंवा तीस. म्हणजे ऐंशीव्या वाढदिवशी माणसाच्या खात्यावर ९८९ किंवा ९९० पौर्णिमा असतात. उरलेल्या दहा-अकरा पौर्णिमांना आणखी नऊ-दहा महिने लागतात. त्यामुळे कुणाचीही हजारावी पौर्णिमा साधारणपणे ८० वर्षं ९ महिने पूर्ण झाल्यानंतरच्या आठवड्यापासून पुढच्या महिनाभरात येते. नेमकी कोणत्या दिवशी, हे जन्मानंतरची पहिली पौर्णिमा किती दिवसांनी आली यावर ठरतं.

मग गुरुजींचे आठ महिने कुठून आले? ते मनानं सांगत नाहीत. वेदांगज्योतिषात पाच वर्षांचं एक युग धरलं आहे आणि त्या युगात ६२ चांद्रमास, म्हणजे पाच वर्षांत दोन अधिक महिने. ऐंशी वर्षांत अशी सोळा युगं होतात. सोळा गुणिले बासष्ट म्हणजे ९९२. हजाराला आठ कमी, म्हणून ऐंशी वर्षांवर आठ महिने. त्या मापात हे उत्तर तंतोतंत आहे. प्रत्यक्षात मात्र पाच वर्षांत ६२ नव्हे, ६१.८४ चांद्रमास बसतात. एका युगात हा फरक दिसतही नाही, सोळा युगांत तो अडीच महिन्यांपर्यंत जातो.

तुमच्या आजोबांचं उदाहरण घेतलं तर हे लगेच कळेल. १ जून १९४५ नंतरची पहिली पौर्णिमा २५ जूनला होती. त्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ९८९ पौर्णिमा झाल्या होत्या. ८० वर्षं ८ महिने पूर्ण झाले १ फेब्रुवारी २०२६ ला. योगायोगानं त्या दिवशी माघी पौर्णिमाच होती आणि ती होती ९९८ वी. होळीची ९९९ वी. हजारावी येते ती चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंतीची. आजोबांनी मनात धरलेला दिवस हिशेबानंही बरोबर निघाला, हे त्यांना आवर्जून सांगा.

धार्मिक विधी गुरुजींच्या मापानं केला तर त्यात चूक काही नाही. विधीचं माप परंपरेनं ठरलेलं असतं आणि ते पाळायचं की नाही हे घरानं ठरवावं. काकांचं म्हणणंही अनेक घरांत चालतं. ऐंशी संपून एक्क्याऐंशीवं लागलं की कार्यक्रम करून टाकतात. फक्त 'आज आजोबांनी हजार चंद्र पाहिले' हे वाक्य खरं व्हायचं असेल तर चैत्री पौर्णिमेपर्यंत थांबावं लागेल.

दाखल्यावरच्या १ जूनबद्दलही सांगायला हवं. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, नाव घालायला आणलेल्या मुलाची तारीख घरच्यांना ठाऊक नसायची आणि शाळामास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. तुमच्या आजोबांची तारीख तशीच लागली असेल तरी लगेच काळजी नको. १९४५ सालच्या २८ मे ते २४ जून या काळात जन्मलेल्या सगळ्यांची हजारावी पौर्णिमा एकच आहे. चूक एखाद्या वर्षाची असेल तर मात्र हिशेब बारा-तेरा पौर्णिमांनी सरकेल. आजोबांच्या एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाला विचारा. जन्म पेरणीच्या आधीचा की नंतरचा, दुष्काळाच्या वर्षीचा की पुराच्या, अशा आठवणी पुष्कळदा दाखल्यापेक्षा जास्त भरवशाच्या निघतात.

'दर्शन' या शब्दावरून काहींना वाटतं की चंद्र प्रत्यक्ष पाहिला तरच तो मोजायचा. तसं मोजायचं ठरवलं तर महाराष्ट्रात कुणाचंच सहस्रचंद्रदर्शन ऐंशीत होणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांतल्या बऱ्याचशा पौर्णिमा ढगांमागेच जातात. मोजायच्या त्या आयुष्यात येऊन गेलेल्या पौर्णिमा, डोळ्यांना दिसलेल्या नव्हेत.

आणि चंद्र पाहायचा कोणत्या रात्री? चंद्र पूर्ण असणं हा एक क्षण असतो, रात्र नव्हे. या वेळी तो क्षण २ एप्रिलच्या सकाळी पावणेआठच्या सुमाराला येतो. हनुमान जयंती त्यामुळे २ एप्रिलला, गुरुवारी आहे. पण पौर्णिमेची रात्र म्हणजे १ एप्रिलची, बुधवारची. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना असतात, म्हणून एक मावळतो त्याच सुमाराला दुसरा उगवतो. बुधवारी संध्याकाळी पावणेसातच्या आसपास पूर्वेकडे मोकळं क्षितिज दिसेल अशी गच्ची मिळाली, तरी दर्शनाचं काम होतं. त्यासाठी गडावर जायलाच हवं असं नाही.

आता रायगडाचं. त्या दिवशी तिथं घरगुती कार्यक्रम करू नये असं मला स्पष्टपणे वाटतं. शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झालं आणि तिथी होती चैत्र शुद्ध पौर्णिमा. त्या तिथीला गडावर महाराजांची पुण्यतिथी पाळली जाते आणि राज्यभरातून माणसं येतात. पायऱ्यांवर गर्दी, रोपवेला रांग, आणि दिवस अभिवादनाचा. त्या दिवशी गडावर घरचा सोहळा करणं आजोबांनाही नंतर रुचणार नाही. पन्हाळ्याचा पर्याय डोक्यात असेल तर तोही त्या दिवशी नको. जवळच वाडी रत्नागिरीला जोतिबाची चैत्र यात्रा असते आणि त्या बाजूचे रस्ते भाविकांनी भरून जातात.

गडावर दिव्यांनी ओवाळण्याचा बेत तर कोणत्याही दिवशी सोडून द्या. चैत्रात सह्याद्रीच्या उतारांवरचं गवत पूर्ण वाळलेलं असतं. वाऱ्यानं एक वात उडाली तरी वणवा लागतो, आणि वरच्या दिशेनं तो माणसाच्या धावण्यापेक्षा वेगानं चढतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. 'वणव्यानं पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं' हा समज गावोगाव ऐकायला मिळतो. कोवळे फुटवे लवकर दिसतात हे खरं, पण त्या आगीत झाडांची रोपं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि असंख्य कीटक जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. दुसरा धोका आग्या माश्यांचा. गडांच्या कड्यांना त्यांची मोठमोठी मोहोळं लटकलेली असतात. धूर आणि गलका यांनी त्या चवताळतात आणि उग्र अत्तर लावलेला माणूस त्यांच्या तावडीत आधी सापडतो. धावू शकणारी मुलं निसटतील, आजोबांचं काय? तेव्हा ८१ निरांजनं घरीच लावा. तिथं वारा तुमच्या हातात असतो.

आता गुडघ्यांकडे येऊ. खरं पाहता तुमच्या प्रश्नाचा हाच भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथं समज आणि वस्तुस्थिती यांच्यात बरंच अंतर आहे. चढताना दम लागतो, घाम येतो, छाती धडधडते, म्हणून चढण कठीण असं सगळ्यांना वाटतं. हृदय आणि फुप्फुसांच्या दृष्टीनं ते खरंच आहे. शरीराचं वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर न्यायचं म्हणजे जास्त इंधन जाळायचं आणि जास्त प्राणवायू ओढायचा. उतरताना हा खर्च फारच कमी होतो. आजोबांचं हृदय ठणठणीत आहे, रोजचं फिरणं असेल, म्हणून चढताना ते पुढे होते.

स्नायूंचा हिशेब वेगळा. मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायू आहे तो चढताना आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणलं जात असतानाच त्याला शरीराचा भार धरून ठेवायचा असतो. विहिरीत भरलेली बादली हळूहळू खाली सोडताना दोर हातातून सरकत जातो आणि तळहात सोलवटतात, तसं काहीसं स्नायूच्या आत घडतं. त्याच्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते. दम लागत नसल्यामुळे आपण भरभर उतरतो, इजा वाढत जाते आणि त्या वेळी काहीच कळत नाही. मग शरीर त्या इजेची डागडुजी सुरू करतं, सूज येते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. जिना उतरतानाच ते जास्त जाणवतं, कारण तिथं पुन्हा तेच काम त्याच स्नायूला करावं लागतं.

हे दुखणं 'लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे' होतं असं व्यायामशाळेतही सांगतात. ते बरोबर नाही. श्रमाच्या वेळी तयार झालेलं लॅक्टिक ॲसिड तासाभरात रक्तातून निघून जातं. दोन दिवसांनी दुखायला ते उरलेलंच नसतं. दुसरा समज असा की दुखलं म्हणजे गुडघा झिजला. आजोबांना दोन दिवस त्रास झाला आणि मग आपोआप थांबला, यावरून ते दुखणं बहुधा स्नायूंचं असावं. गुडघ्याला सूज राहिली असती, तो अडकल्यासारखा वाटला असता किंवा दुखणं आठवडे टिकलं असतं तर गोष्ट वेगळी. तरीही ऐंशी पार केलेल्या माणसाच्या गुडघ्याची कूर्चा पूर्वीसारखी नसते आणि प्रत्येक उतरत्या पावलाला सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो, हे विसरून चालणार नाही.

चांगली बातमी अशी की स्नायू हे काम लवकर शिकतात. उताराचा एक सौम्य सराव झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला इजा बरीच कमी होते आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. जायच्या दोन-तीन आठवडे आधी आजोबांना घराचा जिना एक दिवसाआड उतरू द्या. आधी एक मजला, मग दोन, एक हात कठड्यावर. वर लिफ्टनं गेले तरी चालेल, कारण सराव उतरण्याचा हवा आहे. सपाट रस्त्यावर रोज तासभर चालणारी माणसं या एका गोष्टीत कच्ची राहतात. त्यांचं हृदय तयार असतं, मांड्या नसतात.

उतरताना काठी हवीच, जमल्यास दोन. हातांनी काठी टेकवली की वजनाचा काही भाग खांद्यांवर जातो आणि मुरमावर पाय घसरला तर तिसरा आधार मिळतो. अनेक आजोबांना काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली वाटते. नातवंडांनीही हातात काठ्या घेतल्या तर हा प्रश्न उरत नाही. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, तिरकं तिरकं उतरणं आणि घाई अजिबात नाही. चढताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात. उतरताना आजोबांच्या एक पाऊल खाली एखादा धडधाकट माणूस असावा.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधी काढता येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला आणि तो अजून वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. सिंहगडाची पायवाट घ्या. आतकरवाडीतून अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, पण चढ सुमारे सहाशे मीटर. म्हणजे धडधाकट माणसाला दीड तास. एक्क्याऐंशीव्या वर्षात असलेल्या आजोबांसाठी याच्या दुप्पट वेळ धरा आणि उतरायलाही तेवढाच धरा. सकाळी नऊला पायथ्याशी पोहोचलात तर उतरण भर दुपारी येईल, आणि चैत्रात नेमकं तेच टाळायचं आहे.

इथं आणखी एक समज आड येतो. 'गडावर हवा थंड असते' असं म्हणत लोक उन्हाळ्यातही उशिरा निघतात. उंचीबरोबर तापमान उतरतं हे खरं, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. पण पुण्याहून सिंहगडाचा माथा सुमारे साडेसातशे मीटरनं उंच, म्हणजे फायदा फार तर पाच अंशांचा. मार्चअखेर पुण्यात पारा छत्तीस-अडतीसला टेकतो. त्यातून पाच गेले तरी उरलेला आकडा थंड नाही. त्यातही हे तापमान सावलीतलं असतं. उघड्या गडावर सावली नाही, काळा कातळ सकाळी दहापासून तापत जातो आणि खालूनही झळ मारतो. हवा कोरडी आणि वारा वाहता असल्यानं घाम अंगावर दिसत नाही, येतो तसा उडून जातो. माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाही, आणि तो पाणी पीत नाही.

वयस्कर माणसांचं तर दुहेरी नुकसान होतं. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची ताकदही घटते. म्हणून 'आजोबा, पाणी हवं का?' असं विचारू नका, ते नको म्हणतील. दर वीस मिनिटांनी पेला हातात द्या. कोकम किंवा लिंबाचं सरबत उत्तम, पण रक्तदाबाची, हृदयाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मीठ आणि पाणी किती द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अशा काही गोळ्यांमुळे बसून एकदम उठल्यावर चक्कर येते. विश्रांतीनंतर त्यांना आधी मिनिटभर नुसतं उभं राहू द्या, मग चालायला सांगा. चालताना त्यांना एक अख्खं वाक्य न थांबता बोलता येतंय का, याकडे लक्ष ठेवा. येत नसेल तर थांबा. छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, तर वर जाण्याचा विचार सोडून द्यायचा.

मग वसंतात डोंगरात जायचंच नाही का? जायचं, पण उघड्या गडांवर नव्हे. पुस्तकांतला वसंत वाचून आपल्याला वाटतं की हा डोंगर चढण्याचा ऋतू. सह्याद्रीत उघडे गड चढावेत ते पाऊस ओसरल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत. फुलांचे गालिचेही वसंतातले नसतात. कासच्या पठारावरची फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. सह्याद्रीतला वसंत जमिनीवर दिसत नाही, झाडांवर दिसतो. पळस, पांगारा, काटेसावर आपली पानं गाळून टाकतात आणि बोडक्या फांद्यांवर लालभडक फुलतात. पानं नसल्यामुळे पाण्याचा खर्च वाचतो आणि फूल लांबून दिसतं. बुलबुल, मैना, शिंजीर मधासाठी तिथं गर्दी करतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. कुसुंबाची नवी पालवी याच दिवसांत लालचुटूक असते. कोवळ्या पानांना उन्हापासून वाचवणारं ते रंगद्रव्य आहे. हे सारं पाहायचं तर जंगलातली वाट हवी, सावली हवी, आणि रमतगमत चालणारं माणूस बरोबर हवं. आजोबांइतकं चांगलं माणूस त्यासाठी दुसरं कोण मिळणार?

म्हणून यंदा माथेरान करा असं मी सुचवेन. उंची सुमारे आठशे मीटर, मोटारींना गावात बंदी, नेरळहून १९०७ सालापासून धावणारी छोटी गाडी, आणि जांभूळ, हिरडा, अंजनीच्या सावलीतून जाणारे तांबड्या मातीचे रस्ते. त्यांतले पुष्कळसे जवळपास सपाट आहेत. अंजनीला बहर असेल तर फांदीला चिकटलेली तिची निळी-जांभळी फुलं नातवंडांना दाखवायला आजोबा विसरणार नाहीत. कुणी दमलं तर घोडा मिळतो आणि अर्ध्या वाटेवरून परतलं तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. मुक्काम करता येतो, त्यामुळे अंधारात उतरायची वेळ येत नाही. रविवार, २९ मार्च धरा. पुढच्या आठवड्यात ३ एप्रिलचा गुड फ्रायडे शनिवार-रविवारला जोडून आल्यामुळे तिथं फार गर्दी होईल.

रायगडावर आजोबांचा जीव असेल तर तो बेत मोडू नका, पुढे ढकला. मार्गशीर्षात, थंडीत, साध्या दिवशी जा. १९९६ पासून तिथं रोपवे आहे आणि पायऱ्या चौदाशेहून अधिक आहेत. 'रोपवेनं गेलं म्हणजे गड केला नाही' असं म्हणणाऱ्यांकडे ऐंशीनंतर लक्ष देऊ नये. वर पोहोचल्यावर राजसभेपासून बाजारपेठेतून जगदीश्वराच्या देवळापर्यंत आणि महाराजांच्या समाधीपर्यंत चालायला पुष्कळ आहे, आणि तेवढं चालताना आजोबा तुम्हा सगळ्यांच्या बरोबर असतील. खरी अडचण रोपवेची नाही, उतरणीची आहे, आणि ती रोपवे सोडवतो.

थोडक्यात तुमचा क्रम असा लागतो: आजपासून जिन्याचा सराव, एकदा डॉक्टरांची भेट, २९ मार्चला माथेरान आणि १ एप्रिलच्या संध्याकाळी गच्चीवर चंद्र उगवताना ओवाळणं.

तुम्ही विचारलं नाही, पण आजींचाही हिशेब करा. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन बहुतेक वेळा आजोबांचं होतं आणि आजी शेजारी पाटावर बसतात. चंद्र त्यांच्याही आयुष्यात तितक्याच नेमानं उगवला आहे, तेव्हा त्यांचा दिवस वेगळा साजरा व्हायला हवा. रीत सोपी आहे. जुन्या पंचांगातून त्यांच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा शोधा आणि तिच्यात २९,५०१ दिवस मिळवा. जी तारीख येईल तिच्या एखादा दिवस मागेपुढे असलेली पौर्णिमा ही त्यांची हजारावी.